आतला पॅड, बाहेरचा पॅड

मंडळाच्या ई-अंकासाठी लेख मागताना मॅडम म्हणाल्या, "तू हैदराबादची ना? मग हैदराबादवर लिही. चारमिनार, बिर्याणी, असं काहीतरी." मी हो म्हणाले आणि तीन आठवडे एक ओळ लिहिली नाही. कारण या वर्षी हैदराबाद म्हटलं की मला चारमिनार आठवत नाही. मला आठवतात मोटरसायकलच्या ब्रेकचे दोन पॅड, एक जाड आणि एक पातळ. तेव्हा बिर्याणीच्या वासाने जे इथवर आले असतील, त्यांची आधीच माफी मागते.

आम्ही हैदराबादचे मराठी. म्हणजे नक्की कुठले, असं हॉस्टेलमध्ये पहिल्या आठवड्यात मला सगळ्यांनी विचारलं होतं. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना होईपर्यंत मराठवाडा हैदराबाद राज्यातच होता. नांदेड-परभणीकडच्या माणसांना मोठं शहर म्हणजे मुंबई-पुणे नव्हे, हैदराबाद. माझे पणजोबा असेच नांदेडहून नोकरीसाठी आले आणि राहिले. काचीगुडा, बडी चावडी, सुलतान बझार या भागांत अजूनही एखाद्या जिन्यात मराठी ऐकू येतं. घरात आमची मराठी, दारात तेलुगू आणि रस्त्यावर दखनी. दखनीतला 'नक्को' म्हणजे आपला नको, आणि 'अभीच', 'मैं इच' यांतला शेवटचा 'च' म्हणजे आपलाच च. त्यामुळे पुढे जे चाचा येणार आहेत त्यांचं बोलणं तुम्हाला कळेल. नाही कळलं तर अंदाजाने वाचा, आम्हीही तसंच करतो.

तर गोष्ट बाबांच्या पल्सरची. २०१० सालची, दीडशे सीसीची. पुढे डिस्क ब्रेक, मागे ड्रम. बाबा बेगमबाजारात एका घाऊक दुकानात हिशेब लिहितात, आणि गेली कित्येक वर्षं ही गाडीच त्यांना तिकडे नेते-आणते. मी शाळेत असताना त्यांचा उजवा घोटा मोडला होता. जोडला नीट, पण त्यात जोर राहिला नाही. मोटरसायकलचा मागचा ब्रेक उजव्या पायाने दाबायचा असतो. ड्रम ब्रेक जुना झाला की चांगला जोर लावावा लागतो, आणि सिग्नलला थांबताना बाबांचं तोंड किंचित वाकडं व्हायचं. मागे बसलेल्या माणसाला ते आरशात दिसतं. मी दहावीपासून ते बघत होते.

पहिल्या वर्षात प्रेशर आणि पास्कलचा नियम पुन्हा एकदा शिकवला, तेव्हा माझ्या डोक्यात दिवा पेटला. हायड्रॉलिक डिस्क ब्रेकमध्ये पायाने लहान पिस्टन दाबायचा, तिकडे कॅलिपरमध्ये मोठा पिस्टन पुढे सरकतो. क्षेत्रफळ जास्त म्हणून बल जास्त. म्हणजे बाबांचा पाय थोडासाच दाबेल आणि गाडी थांबेल. पल्सर २२० ला मागे डिस्क येते आणि तिचे भाग दीडशेला बसवतात, हे हैदराबादेतल्या कुठल्याही गाडीवेड्या पोराला माहीत असतं. मी शिकवण्यांचे पैसे साठवले. बाबा म्हणाले, "ड्रम चांगलाय की. कशाला?" मी म्हटलं, "तुम्हाला नाही कळत." हे वाक्य लक्षात ठेवा, लेखात पुढे माझ्याच अंगावर येणार आहे.

गेल्या मे महिन्याच्या सुट्टीत पुतलीबावलीच्या एका गल्लीतल्या म्हाताऱ्या मेकॅनिककडे आम्ही गाडी दिली. त्यांचं नाव मी इथे लिहीत नाही, सगळा बाजार त्यांना चाचाच म्हणतो. त्यांनी जुन्या गाडीचा सेट मिळवला. स्विंगआर्म, चाक, डिस्क, कॅलिपर, त्याचा ब्रॅकेट, मास्टर सिलिंडर, ब्रेक ऑइलची छोटी टाकी आणि होज. दोन दिवसांत काम झालं. (गाडीत असा मोठा बदल करण्याआधी मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ वाचावं, ही अक्कल मला नंतर आली. तुम्ही आधी वाचा.) बाबांनी काचीगुड्यापर्यंत गाडी चालवली आणि घरी येऊन एवढंच म्हणाले, "हलका आहे पाय." मला तेवढं पुरेसं होतं. मी आठवडाभर मान ताठ करून फिरत होते.

जूनमध्ये मुंबईला निघायच्या आदल्या दिवशी मी गाडीची 'सर्विस' केली. मोबाइलवर चार व्हिडिओ बघितले होते. कॅलिपर सोडला, पुसला, त्याच्या दोन पिनांना भरपूर ग्रीस चोपडलं आणि परत बसवला. आई दारातून म्हणाली, "काय करायलीस गं, उद्या गाडी आहे ना तुझी?" मी म्हटलं, "बाबांचा ब्रेक पक्का करून जातेय." मग हुसेनसागर एक्सप्रेस पकडून मुंबईला आले.

जून ते ऑक्टोबर रोज रात्री फोन व्हायचा. जेवलीस का, पाऊस आहे का, सबमिशन झालं का. मी विचारायचे, "बाबा, ब्रेक कसाय?" ते म्हणायचे, "एक नंबर." ऑगस्टमध्ये आईच्या हाताला पट्टी दिसली व्हिडिओ कॉलवर. म्हणाली, पायरीवरून घसरले. मी म्हटलं, जपून राहत जा. आणि कॉलेजच्या फेस्टचं सांगत बसले.

दिवाळीला घरी गेले. दुसऱ्याच दिवशी उटणं आणायला म्हणून पल्सर काढली आणि कोपऱ्यावरच मागचा ब्रेक दाबला, तर चाकातून असा आवाज आला की रस्त्यावरचा कुत्रा उठून बाजूला झाला. आधी किंचाळल्यासारखा, मग धातूवर धातू घासल्यासारखा. गाडी थांबली, पण नाराजीने. गाडी मेन स्टँडवर लावून हाताने चाक फिरवलं. मोकळं फिरेना. अर्धा फेरा होऊन अडलं. डिस्कला बोट लावलं आणि झटक्यात मागे घेतलं. एवढ्याशा अंतरात ती तापली होती.

घरी आणून कॅलिपर सोडला. दोन पॅड बाहेर काढून ओट्यावर ठेवले. डिस्कच्या बाहेरच्या बाजूचा पॅड जवळजवळ नवा. आतला, म्हणजे पिस्टनकडचा, पार संपलेला. मी फिजिक्सची विद्यार्थिनी, व्हर्नियर सोबतच असतो. बाहेरच्या पॅडवरचा मसाला ३.८ मिलिमीटर उरला होता. आतल्याचा एका टोकाला १.६ आणि दुसऱ्या टोकाला काहीच नाही. तिथे मागची लोखंडी पट्टीच डिस्कवर घासत होती, आणि डिस्कवर रेकॉर्डच्या तबकडीसारख्या रेघा पडल्या होत्या.

इथे एक क्षण थांबून कॅलिपर कसा चालतो ते सांगते, नाहीतर पुढची गंमत कळणार नाही. या प्रकारच्या कॅलिपरमध्ये पिस्टन एकाच बाजूला असतो. पाय दाबला की पिस्टन आतला पॅड डिस्कवर ढकलतो. मग बाहेरचा पॅड कोण ढकलतं? कोणीच नाही. आतला पॅड डिस्कला टेकला की पिस्टनला आणखी पुढे जाता येत नाही, म्हणून पूर्ण कॅलिपरच दोन पिनांवरून उलटा सरकतो आणि बाहेरच्या पॅडला ओढून आणून डिस्कवर टेकवतो. म्हणजे दोघांनी सारखं काम करायचं, तर कॅलिपर त्या दोन पिनांवरून मोकळेपणाने सरकला पाहिजे. पाय उचलला की पिस्टनभोवतीचं चौकोनी कडेचं रबर, जे दाबताना थोडं पिळलं गेलेलं असतं, ते सरळ होतं आणि पिस्टनला केसभर मागे घेतं. एवढ्याशा माघारीवर अख्खा ब्रेक मोकळा राहतो.

हे सगळं मला माहीत होतं. निदान मी तसं समजत होते. त्यामुळे मी लगेच निकालही लावून टाकला. चाचांनी ब्रॅकेट वाकडा बसवला. जुन्या गाडीचा माल घातला. म्हातारे झालेत, हात चालत नाहीत. बाबा दुकानात होते, त्यांची वाटही न बघता मी चाचांना फोन लावला आणि जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. "आमच्या जिवाशी खेळ केलात" हे त्यातलं सगळ्यात सौम्य वाक्य. चाचांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "कल लेके आओ अम्मा. देखते. गलती हमारी रही तो पैसे वापस."

दुसऱ्या दिवशी बाबांनी अर्धी रजा टाकली. आम्ही दोघं गाडी घेऊन निघालो. बाबा पुढे, मी मागे. तेव्हा माझ्या लक्षात आलं की बाबा मागचा ब्रेक वापरतच नाहीयेत. पूर्ण रस्ताभर त्यांचा उजवा पाय पॅडलच्या शेजारी नुसता ठेवलेला होता.

दुकानात तीन-चार गिऱ्हाइकं होती. मी सगळ्यांसमोर पॅड काढून चाचांच्या हातात दिले, पुरावा द्यावा तसे. त्यांनी ते उन्हात धरले, कडेने बघितले, अंगठा फिरवला. रागावले नाहीत. म्हणाले, "पैड का क्या कसूर? पैड तो बता रा ना, कुछ हिल नै रा करके." पॅडचा काय दोष, तो तर सांगतोय की काहीतरी सरकत नाहीये.

मग त्यांनी बोटं मोजत मला जे सांगितलं ते मी त्याच रात्री वहीत लिहून ठेवलं. दोन्ही पॅड सारखेच पण फार लवकर झिजले, तर पॅडलकडे जा. पॅडलपासून मास्टर सिलिंडरला जाणारी दांडी कणभर ढिली असायला हवी. ती ताठ बसली तर आतलं छोटं भोक उघडत नाही, ब्रेक ऑइल टाकीत परत येत नाही, तापलं की फुगतं आणि ब्रेक आपला आपणच दाबला जातो. पिस्टनकडचाच एक पॅड झिजला, तर आधी पिना बघा, मग पिस्टन. आणि एकच पॅड एका टोकाला जास्त, दुसऱ्या टोकाला कमी, असा पाचरीसारखा झिजला, तर कॅलिपर तिरका बसतोय. मग एकतर ब्रॅकेट वाकडा, नाहीतर दोनपैकी एक पिन अडकलेली. कॅलिपर बाजूला थोडा सरकला तर स्वतःला सावरून घेतो, पण तिरका झाला तर नाही सावरत. आमचा पॅड दुसरं आणि तिसरं दोन्ही सांगत होता.

"पहले मेरीच गलती देखते," चाचा म्हणाले, आणि खरंच आधी स्वतःचीच चूक शोधायला बसले. गाडी स्टँडवर घेतली. ओल्या फडक्याने सगळी काळी धूळ पुसली. मी फुंकर मारायला वाकले तर हात आडवा घातला, ती धूळ छातीत जाऊ द्यायची नसते. एक रिफिल सुतळीने स्विंगआर्मला बांधली, टोक डिस्कच्या अगदी जवळ आणलं आणि चाक सावकाश फिरवलं. डिस्क वाकडी असती तर फट कमी-जास्त झाली असती. झाली नाही. मग चाकाच्या ॲक्सलवरचे वॉशर आणि स्पेसर मोजले, कारण असं दुसऱ्या गाडीचं चाक बसवताना चुकीच्या जाडीचा स्पेसर पडला की ब्रॅकेट जागा सोडतो. ते बरोबर होते. चेन ताणल्यावर ॲक्सल दोन्ही बाजूंना सारखा मागे गेलाय का, त्याच्या खुणा बघितल्या. सारख्या होत्या. ब्रॅकेटला स्टीलची पट्टी लावून बघितली. सरळ. प्रत्येक वेळी त्यांनी मला बोलावून दाखवलं. वीस मिनिटं त्यांनी स्वतःच्या कामाची उलटतपासणी घेतली, आणि मी हाताची घडी घालून उभी होते.

शेवटी पिना. पहिली पिन त्यांनी एका बोटाने ढकलली, सरकली. दुसरी ढकलली, हलली नाही. दोन्ही हातांनी हलवत हलवत ओढली तेव्हा निघाली. तिच्यावरचं रबर, जे अंगासरशी बसायला हवं, ते भिजलेल्या पावासारखं फुगलं होतं. आणि त्याला चिकटलेलं होतं पिवळं ग्रीस.

चाचांनी ते बोटावर घेतलं, वास घेतला. "ये बेरिंग का ग्रीस है. ये मैं नै लगाता. रबर फूल जाता इससे." चाकाच्या बेरिंगचं ग्रीस पेट्रोलियमपासून बनतं. ब्रेकच्या रबराला ते चालत नाही, रबर ते पितं आणि फुगतं. तिथे सिलिकॉनचं ग्रीस लागतं, तेही नखाएवढं. फुगलेल्या रबराने एक पिन आवळून धरली. कॅलिपर सरकेना. बाहेरचा पॅड नुसता बसून राहिला. एका बाजूने अडकल्यामुळे कॅलिपर तिरका झाला आणि आतला पॅड एकटा, एका टोकावर, पाच महिने घासत राहिला.

"कौन लगाया ये?" चाचांनी विचारलं. आवाज चढवला नाही, नुसतं विचारलं.

जूनमधली ती संध्याकाळ माझ्या डोळ्यांसमोर आली. बाबांच्या डब्यातलं पिवळं ग्रीस, आईचा आवाज, मी भरभरून चोपडतेय. माझ्या तोंडून शब्द फुटेना. गिऱ्हाइकं बघत होती, कालचं माझं फोनवरचं बोलणं चाचांच्या पोरानेही ऐकलेलं असणार. आणि तेवढ्यात बाबा म्हणाले, "मैं इच लगाया हूँगा चाचा, सर्विस के टैम पे. याद नै."

बाबांना माहीत होतं कोणी लावलं ते. त्या संध्याकाळी तेच तर पलीकडे खुर्चीत बसून पेपर वाचत होते.

मला खरं सांगायचं तर त्या क्षणी सुटल्यासारखं वाटलं. एक-दोन सेकंद. तेवढे सेकंद मी गप्प राहिले, हे या लेखात लिहिलं नाही तर लेख खोटा होईल. मग बाबांच्या पायाकडे लक्ष गेलं. त्यांनी भार डाव्या पायावर घेतला होता, नेहमीसारखा. मी म्हटलं, "नै चाचा. मैं लगायी. व्हिडिओ देख के." आणि मग मराठीतच म्हटलं, कारण दुसऱ्या कुठल्या भाषेत जमलं नसतं, "माझं चुकलं. कालचं बोलणं पण चुकलं."

चाचा हसले. म्हणाले, "परसों लगाके दिया था तो बोलना था मेरेकु, वो ग्रीस नक्को बोलके." हैदराबादेत परसों म्हणजे गेल्या मेमधलाही दिवस असू शकतो. कामाला लागता लागता त्यांनी आणखी एक प्रश्न टाकला, "और ये गाडी कब गिरी?"

मी बघितलं. उजवीकडचं फूटरेस्ट वर वाकलेलं होतं, हँडलच्या टोकाचं रबर खरवडलेलं होतं, पुढच्या ब्रेकच्या लिव्हरचं टोकही. मी काल सगळी मापं घेतली होती मिलिमीटरच्या दहाव्या भागापर्यंत, पण हे बघितलं नव्हतं. बाबा म्हणाले, "अरे ते असंच, उभी असताना."

घरी गेल्यावर मी आईला सरळ विचारलं, हात कसा लागला. आई बाबांकडे बघायला लागली आणि मग तिने सांगितलं. ऑगस्टमध्ये दोघं दिलसुखनगरला मावशीकडे निघाले होते. पाऊस पडून गेला होता. मलकपेटच्या रेल्वे पुलाखाली पाणी साचतं, हे हैदराबादेत सगळ्यांना माहीत असतं. पाणी उतरलं होतं, पण वाळू आणि चिखल उरला होता. समोर रिक्षा थांबली. बाबांनी पुढचा ब्रेक दाबला. मागचा तेव्हापासूनच ओरडत होता म्हणून त्यांनी तो वापरणं सोडलं होतं. ओल्या वाळूवर पुढचं चाक अडलं की ते थांबत नाही, घसरतं. गाडी उजवीकडे पडली. वेग कमी होता म्हणून आईचं कोपर आणि बाबांचा गुडघा खरचटण्यावर निभावलं. मागून बस येत होती, ती थांबली. आईने हे वाक्य अगदी सहज सांगितलं, "मागून बस येत होती, ती थांबली," आणि कुकर बंद करायला उठली.

मी बाबांना विचारलं, सांगितलं का नाही? ते म्हणाले, "तू एवढ्या हौसेने केलं होतंस. आणि तुझी परीक्षा होती." ब्रेक ओरडतोय असं त्यांनी एकदा जरी फोनवर सांगितलं असतं, तर मी त्यांना चाचांकडे पाठवलं असतं आणि काम अर्ध्या तासाचं होतं. पण ते कसे सांगतील? मीच म्हटलं होतं ना, तुम्हाला नाही कळत.

ती रात्र मी नीट झोपले नाही. डोक्यात पुन्हा पुन्हा एकच येत होतं. पॅड कमजोर होता म्हणून तो झिजला नव्हता. दोघांचं काम एकट्यावर आलं म्हणून झिजला. आणि बाहेरचा, जो नवाकोरा दिसत होता, तो चांगला होता म्हणून नवा नव्हता, तर कामालाच लागला नव्हता. बाहेरून कॅलिपरकडे बघितलं तर बाहेरचा पॅड डोळ्यांपुढे येतो. आतला बघायला वाकावं लागतं, बॅटरी लागते. पाच महिने रोज रात्री फोनवर मी जे बघत होते तो बाहेरचा पॅड होता. सबमिशन, फेस्ट, "एक नंबर". आत काय घासलं जातंय ते मी वाकून बघितलंच नाही. आणि बाबा तर दाखवणाऱ्यातले नाहीत.

वडील-मुलीच्या नात्याला ब्रेकची उपमा देणं जरा जास्त होतंय, हे मलाही कळतं. पण माझ्याकडे दुसरी नाही.

चाचांनी पिनांची रबरं बदलली, सिलिकॉनचं ग्रीस लावलं, दोन्ही पॅड नवे घातले. एकच बदलायचा नसतो, जोडीनेच बदलायचे. डिस्कवरच्या रेघा खोल नव्हत्या, जाडी पुरेशी होती, म्हणून ती ठेवली. जुनं ब्रेक ऑइल काढून नवं भरलं. ते हवेतलं पाणी शोषतं आणि मग लवकर उकळतं, त्यामुळे दुसऱ्या गाडीतून आलेल्या सेटमध्ये ते बदलणं बरंच. मजुरीचे पैसे घेताना त्यांनी अर्धेच घेतले. मी हट्ट केला तर म्हणाले, "आधे सीखने के." शिकण्याचे पैसे खरं तर मी द्यायला हवे होते, ते त्यांनीच माझ्याकडून कापून घेतले नाहीत.

नवे पॅड बसले की लगेच जोरात ब्रेक मारायचा नसतो. आधी पॅड आणि डिस्क एकमेकांना ओळखू द्यायचे. रविवारी पहाटे नामपल्लीच्या एक्झिबिशन ग्राउंडजवळ रस्ता रिकामा होता. बाबा चालवत होते, मी मागे. चाळीसपर्यंत वेग न्यायचा, हळूहळू दाबत दहावर आणायचा, मध्ये थंड होऊ द्यायचं, पुन्हा. असं दहा-बारा वेळा. मी आरशात बाबांचं तोंड बघत होते. वाकडं झालं नाही. शेवटच्या वेळी त्यांनी मान न वळवता विचारलं, "आता मला कळतं का थोडं?" मी त्यांच्या पाठीत हळूच गुद्दा मारला.

१९०२ साली इंग्लंडमध्ये फ्रेडरिक लँचेस्टर नावाच्या माणसाने डिस्क ब्रेकचं पेटंट घेतलं. त्याने तांब्याच्या पट्ट्या वापरल्या होत्या आणि त्या इतक्या किंचाळायच्या की लोकांना नकोसं व्हायचं, असं मी परवा लायब्ररीत वाचलं. (हैदराबादी परवा नाही, खरा परवा.) वाचताना वाटलं, तो किंचाळत तरी होता. न ओरडणाऱ्याचं काय करायचं?

आम्ही त्यावर एक तोडगा काढलाय. निघताना मी माझा व्हर्नियर घरी ठेवून आले आणि बाबांना तो वाचायला शिकवला. अकाउंटंट माणूस, पाच मिनिटांत शिकले. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी ते पॅड मोजतात आणि मला आकडे पाठवतात. दोन्ही पॅडचे. माझी अट एकच आहे, आतलं आधी सांगायचं.

हा लेख लिहीत असताना, आपल्या चॅपलच्या मागच्या पायऱ्यांवर बसले होते तेव्हा, या महिन्याचा मेसेज आला. तसाच्या तसा देते:

"आतला ४.३. बाहेरचा ४.३. पिना मोकळ्या आहेत. घोटा थंडीने दुखतोय, दोन दिवस बसने जातोय. आईचं बीपी थोडं वाढलंय, गोळी बदलली. तुझं काय?"